गाणं आपलं, कागद कुणाच्या नावावर?

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की घरबसल्या रॅप, हाउस, टेक्नो, बेस म्युझिक करणाऱ्या पोरापोरींनी प्रश्न पाठवा, आणि खूप आले, पार डहाणूपासून उलव्यापर्यंतचे. सगळे घेता येणार नाहीत म्हणून जे पुन्हा पुन्हा आले तेच घेतोय.

प्रश्न : मी दिव्याला राहतो, मराठीत रॅप करतो. यूट्यूबवर फ्री लिहिलेली बीट (रॅपमागचं तयार संगीत) घेऊन गाणं केलं, व्हिडिओ टाकला आणि चार दिवसांत कॉपीराइट क्लेम आला. बीट फ्री होती ना? आता चॅनल उडेल का?

मित्रा, चॅनल उडत नाही, आधी शांत हो. क्लेम वेगळा आणि स्ट्राइक वेगळी. कंटेंट आयडी म्हणजे यूट्यूबची गाणं ओळखणारी सिस्टीम, तिचा क्लेम आला की बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो, फक्त जाहिरातीचे पैसे समोरच्याला जातात. स्ट्राइक मात्र वाईट, त्यात तक्रारीवरून व्हिडिओच काढून टाकतात, आणि 90 दिवसांत तीन झाल्या की चॅनल जाऊ शकतं.

आता फ्रीचं. त्या व्हिडिओखालचं डिस्क्रिप्शन उघडून शेवटपर्यंत वाच, नव्वद टक्के मुलं वाचत नाहीत असं मी म्हणणार नाही पण माझ्याकडे मिक्सिंगला येणाऱ्यांपैकी फार कमी जण वाचून आलेले असतात. तिथे साधारण असं लिहिलेलं असतं की नॉन प्रॉफिट वापरासाठी फ्री, म्हणजे तू सराव कर, मित्रांना ऐकव, पण स्पॉटिफाय किंवा जिओसावनवर टाकायचं किंवा व्हिडिओवर कमवायचं तर लायसन्स घे. ते लायसन्स म्हणजे बहुतेक वेळा लीज, आणि लीजची बीट ही भाड्याची खोली आहे, तू राहतोस पण मालक तू नाहीस, आणि इथे तर तीच खोली मालक एकाच वेळी पन्नास जणांना देऊ शकतो. नंतर कुणी ती बीट एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकट्यासाठी, घेतली तरी आधी दिलेल्या लीज सहसा चालू राहतात. किती स्ट्रीमपर्यंत चालेल, व्हिडिओ चालेल का, हे सगळं त्या लायसन्सच्या कागदात असतं.

आणि सगळ्यात जास्त घोळ कुठे होतो ते सांगतो. लीजच्या बीटवर केलेलं गाणं डिस्ट्रिब्युटरकडून (गाणं सगळ्या अॅपवर पोचवणारी कंपनी) टाकताना कंटेंट आयडी चालू करू का असं विचारतात, पोरं खुशाल हो करतात, मग सिस्टीम त्या बीटलाच तुझं गाणं समजते आणि तीच बीट भाड्याने घेतलेल्या दुसऱ्या पोराच्या व्हिडिओवर तुझ्या नावाने क्लेम जातो. तुझ्यावर आलेला क्लेमही असाच कुठल्या तरी तिसऱ्याचा असू शकतो, बीट बनवणाऱ्याचा नसेलही. म्हणून आधी क्लेम कुणाच्या नावाने आहे ते बघ, मग बीटवाल्याला साधा नीट मेल टाक, लायसन्स विकत घे, पावती आणि लायसन्सची फाइल जपून ठेव, आणि मगच डिस्प्यूट, म्हणजे क्लेमवर हरकत, टाक. समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात. हातात कागद नसताना डिस्प्यूट टाकू नकोस, तिथूनच प्रकरण पुढे वाढतं.

पुढच्या गाण्यासाठी मात्र माझं ऐक, तुझ्या आसपास एफएल स्टुडिओ हे बीट बनवायचं सॉफ्टवेअर चालवणारा कुणी ना कुणी असेलच, त्याच्याबरोबर बस, आणि गाणं सुरू व्हायच्या आधी वाटा किती कुणाचा ते एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. मैत्रीत कसलं लिहायचं असं वाटतं, पण मैत्री टिकवायची असेल तर तेच लिहायला लागतं. आपल्या कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात, आणि त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, कुठल्या देशापुरते ते लिहिलं नसेल तर भारतापुरते. एखादं लेबल, म्हणजे म्युझिक कंपनी, करार घेऊन आलं तर या दोन जागा आधी शोध, कारण तिथे बहुतेक वेळा कायमचे आणि जगभर असं छापलेलं असतं.

प्रश्न : माझ्या ट्रॅकचे स्पॉटिफायवर सहाशे स्ट्रीम झाले, पैसे कधी येणार?

त्या ट्रॅकचे सध्या येणार नाहीत. 2024 पासून त्यांचा नियम आहे, मागच्या 12 महिन्यांत किमान 1,000 स्ट्रीम झालेल्या ट्रॅकलाच रॉयल्टी मोजतात. म्हणून कुणी पाचशे रुपयांत दहा हजार स्ट्रीम देतो म्हटला तर लांब राहा, ते बॉटचे असतात, गाणं काढून टाकलं जातं आणि काही डिस्ट्रिब्युटर वर दंडही लावतात. त्यापेक्षा गाणं येण्याच्या किमान 7 दिवस आधी स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समधून पिच टाक, म्हणजे प्लेलिस्टसाठी गाणं सुचव, मग जे तुला फॉलो करतात त्यांच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या यादीत तरी तुझं गाणं जातं. आणि शब्द किंवा चाल तुझी असेल तर आयपीआरएसचा सभासद हो, ही 1969 पासूनची गीतकार संगीतकारांची संस्था आहे, ऑफिस इथेच मुंबईत. स्ट्रीमिंगचे जे पैसे डिस्ट्रिब्युटरकडून येतात ते रेकॉर्डिंगचे, शब्द आणि चालीचे वेगळे असतात, ते कुणी मागितलेच नाहीत तर पडून राहतात.

प्रश्न : मी विक्रोळीची, कॉलेजला आहे. मराठीत रॅप लिहिते पण ऐकायला कविता वाचल्यासारखं वाटतं. मैत्रिणी म्हणतात हिंदीत कर, मराठी रॅपला बसत नाही. खरंच का?

अजिबात नाही. स्वदेशी या मुंबईच्या रॅप ग्रुपचं काम ऐक, त्यात एमसी मवाली मराठीत करतो, एमसी तोडफोड गुजरातीत करायचा, 2022 मधे तो गेला आणि आपण फार मोठा माणूस गमावला. त्यांनी 2019 मधे आरेच्या आदिवासींच्या जमिनीवर केलेलं गाणं ऐकलंस तर मराठी बसत नाही हा विषयच डोक्यातून जाईल. आणि मुळात या शहराला ठेक्यावर बोलणारी माणसं नवीन नाहीत, अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर हे शाहीर गिरणगावात डफावर हेच करत होते, विठ्ठल उमपांचा आवाजही याच मुंबईचा. तुझ्या आजीला आंबेडकरी जलशाबद्दल विचार, बहुतेक तिला दोन ओळी तरी पाठ असतील.

तू पाठवलेलं कडवं ऐकलं. अडचण भाषेची नाही, यमकाची आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे न ठरवताच प्रत्येक ओळ लटकले, अडकले, भडकले अशी संपते आणि कानाला चौथ्या ओळीतच कळतं की पुढे काय येणार. तुझं असं आहे :

लोकलला लटकले, दादरला अडकले
सरांनी झापलं, मी पण भडकले

आता क्रियापद आत ढकल किंवा खाऊनच टाक, आणि निदान दुसरी ओळ एखाद्या नामावर पाड :

दादरच्या पुलावर पाय ठेवायला जागा नाय
तिकडे रात्रपाळी करून नुकतीच झोपली माय

हे काही फार थोर नाही, मी बसल्या बसल्या लिहिलंय, पण बघ, आता ओळीत एक माणूस आला आणि यमक आधी ओळखता येत नाही. दुसरं, तू सगळे शब्द एकाच जोरात म्हणतेस. 90 च्या टेम्पोवर (मिनिटाला 90 ठोके) एक बार, म्हणजे चार मात्रा, लावून ठेव आणि टाळी दुसऱ्या चौथ्या मात्रेवर देत नुसतं बोल, गायचं नाही, रॅप करायचं नाही, बसच्या रांगेत कुणाशी भांडतेस तसं बोल, जिथे आपोआप जोर येतो ते शब्द स्नेअरवर, म्हणजे त्या टाळीच्या जागी, आण. आणि नाय, काय, कसलं, लय हे बदलून प्रमाण मराठी करू नकोस, तुझ्या बोलण्यातच तुझा ठेका आहे.

प्रश्न : मी ठाण्याची गृहिणी. मुलगा बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, डीजे आणि प्रोड्युसर व्हायचंय म्हणतो. कोर्सची फी लाखाच्या वर आहे, शिवाय मशीन हवंय. आम्ही अडवत नाही पण भीती वाटते.

ताई, अडवत नाही हे तुम्ही आधीच लिहिलंत ते वाचून खरंच बरं वाटलं. लाखाची फी आत्ता भरू नका. आधी त्याच्याकडून एक गोष्ट बघा, सहा महिन्यांत तो आहे त्या लॅपटॉपवर पाच ट्रॅक पूर्ण करतो का, पूर्ण म्हणजे सुरुवात, मधला भाग, शेवट सगळं. अर्धवट लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारे तुकडे, सगळ्यांकडे असतात. सॉफ्टवेअर शिकायला यूट्यूबवर ढीगभर आहे, कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने 2014 मधे पहिलं गाणं आयपॅडवरच रेकॉर्ड केलं आणि व्हिडिओही त्याच आयपॅडवर काढला, हे त्याला माहीतच असेल. डीजेचं मशीन सेकंड हँड छोटा कंट्रोलर घ्या, नवीन नको. कोर्स वाईट नसतो, तिथे माणसं भेटतात, चांगल्या स्पीकरवर आपलं काम ऐकायला मिळतं, पण ते कळायला हातात स्वतःचं थोडं काम लागतं. बीकॉम सोडू देऊ नका, पुढे त्याची बिलं, टीडीएस, जीएसटी त्यालाच बघायचंय आणि या धंद्यात ज्यांना हिशेब येतो ते टिकतात.

एक मात्र आजच करा, त्याला कानात घालायचे चांगले इअरप्लग घेऊन द्या, कापसाचे बोळे नाही, म्युझिशियनवाले. आवाज 85 डेसिबल असेल तर आठ तास चालतात असं प्रमाण आहे, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 ला जेमतेम पंधरा मिनिटं, आणि क्लबमधे डीजेच्या जागी 100 सहज असतं. एकदा कान गेले की परत येत नाहीत.

प्रश्न : मी लालबागची. घरी लॅपटॉपवर हाउस बनवते, त्यात ताशा आणि बेंजोपार्टीचा साउंड घालायचाय. ओळखीतला एक डीजे म्हणाला हे डाउनमार्केट वाटेल. शिवाय जुन्या कोळीगीताचा तुकडा सॅम्पल केला तर चालेल का?

डाउनमार्केट वगैरे मनातून काढ. क्रेटेक्स आणि श्रेयसचं ताम्बडी चामडी 2024 मधे नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्स या लेबलवर आलं, मराठी शब्द आणि सरळ हाउसचा किक, म्हणजे ड्रमचा खालचा ठोका, आणि ज्यांना एक अक्षर मराठी येत नाही ते त्यावर नाचले. तुझ्याकडे तर ताशा दारात आहे.

सॅम्पलचं आधी. पारंपरिक चाल कुणाचीही नाही, पण कंपनीने केलेलं रेकॉर्डिंग कंपनीचं आहे, ते प्रसिद्ध झाल्यापुढच्या वर्षापासून 60 वर्षं, आणि शब्द कुणा गीतकाराचे असतील तर ते त्याच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं. दोन सेकंदांचा तुकडा चालतो असा काही नियम नाही, हे कुणी सांगितलं असेल तर विसर. कोळीवाड्यातल्या एखाद्या मावशीकडून पारंपरिक गाणं नव्याने गाऊन घे, पैसे दे, सही घे, ते रेकॉर्डिंग तुझं.

आता ताशा. त्याचा आवाज पातळ काड्यांचा, फार कडक आणि झटक्यात येणारा, जवळ माइक धरलास तर क्लिप होणारच, म्हणजे आवाज फाटणारच, आणि क्लिप झालेला ताशा नंतर दुरुस्त होत नाही. सहा सात फूट लांब, थोडा बाजूला माइक लाव, गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी, इतका कमी ठेव की सगळ्यात जोरातला फटका उणे 12 डेसिबलच्या आसपास येईल, स्क्रीनवर लाइन बारीक दिसते म्हणून घाबरू नकोस. ढोल आणि ताशा वेगवेगळे घे. वादक रंगात आले की वेग वाढवतात, ती त्यांची चूक नाही, त्यातच मजा आहे, पण तुझा ट्रॅक 124 वर असेल तर मुख्य ताशावाल्याच्या एका कानात क्लिक, म्हणजे वेग धरायची टिकटिक, दे आणि पूर्ण मिरवणूक वाजवून घेण्यापेक्षा चार चार बारचे तुकडे घे. नंतर सगळं सॉफ्टवेअरच्या ग्रिडला, म्हणजे ठोक्यांच्या आखलेल्या रेषांना, चिकटवू नकोस, फक्त तुकड्याचा पहिला फटका किकबरोबर आण, आतले फटके थोडे पुढे पळतात ते पळू दे, तेवढ्यानेच पाय हलतात. ढोलाचा खालचा भाग किकशी भांडतो, साधारण 100 हर्ट्झच्या खालचं ढोलातून काप, किंवा ढोल अशा जागी ठेव जिथे किक नाहीच.

पथकातल्या वादकांना नुसतं चहापाण्यावर बोलवू नकोस, तासाचे पैसे ठरव, आणि डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममधे परफॉर्मरच्या जागी प्रत्येकाचं नाव भर, ती जागा असते पण कुणी भरत नाही. गणपतीच्या आधी विचारूच नकोस, सराव चालू असतो, आणि नवरात्रातही सुपाऱ्या असतात. दिवाळी संपून तुळशीची लग्नं व्हायच्या आधीचे जे दिवस असतात ते बघ, तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई लागते आणि मग ती माणसं हाताला लागत नाहीत.