जिथे तुझ्यावाचून अडेल

प्रिय,

शाळा सांभाळून आठवड्यातले दोन-तीन तास कुणाच्या तरी उपयोगी पडावेत असं तुला वाटतं, पण सुरुवात कुठून करायची ते सुचत नाही, असं तू लिहिलं आहेस. शोधायला बसलं की यादी भली मोठी निघते. त्यातलं बरंचसं काम एका दिवसाचं असतं, सकाळी मोहीम, दुपारी फोटो, संध्याकाळी प्रमाणपत्र. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली ५ डिसेंबर हा स्वयंसेवक दिन ठरवला, त्या सुमाराला तर असे उपक्रम भरपूर होतात. तिथे जरूर जा, संस्था बघ, माणसांशी बोल. काम निवडताना मात्र स्वतःला एवढंच विचार: पुढच्या आठवड्यात मी तिथे नसेन, तर कुणाचं काय अडेल? उत्तर 'काहीच नाही' असं आलं, तर पुढचं काम बघ.

आधी वेळेचा हिशेब कर. शाळा, अभ्यास, झोप आणि खेळ वजा करून जे तास उरतील, त्यांच्या निम्मेच कबूल कर. चार तास उरत असतील तर दोन. जाण्यायेण्यात मिळून तासाभराहून जास्त जात असेल तर ते काम घेऊ नकोस. उत्साह परीक्षेच्या दिवसांत ओसरतो आणि पहिला बळी लांबच्या प्रवासाचा जातो.

मोठ्या संस्थांमध्ये अठरा वर्षांखालच्यांना घेताना संमतिपत्रं आणि वयाच्या अटी असतात, त्यामुळे तिथे नकार आला तर मनाला लावून घेऊ नकोस. लहान वाचनालय, वृद्धाश्रम, प्राण्यांचा निवारा, धाकट्या मुलांचा अभ्यासवर्ग, अंध विद्यार्थ्यांसाठी काम करणारी संस्था, अशा ठिकाणी हात कायम कमी पडतात.

यातलं शेवटचं काम शाळकरी मुलांना फार चांगलं जमतं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो आहे. ज्या विद्यार्थ्यांना दिसत नाही, त्यांना परीक्षेत लेखनिक, म्हणजे त्यांनी सांगितलेली उत्तरं लिहून देणारा, लागतो. काही परीक्षांत तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो, त्यामुळे तुझ्या वयाच्या मुलांना मागणी असते. नियम प्रत्येक परीक्षेचे वेगळे, ते आधी विचारून घे. प्रश्न गुणांसकट दोनदा वाचायचा, आणि सांगितलं तेवढंच, सांगितलं तसंच लिहायचं. उत्तर चुकतंय हे दिसलं तरी चेहरा, आवाज, श्वास काहीही बदलू द्यायचा नाही. हे वाटतं त्याहून अवघड आहे. परीक्षेआधी निदान एकदा दोघांनी तासभर सराव करा, नाहीतर तुझा लिहिण्याचा वेग आणि समोरच्याचा सांगण्याचा वेग जुळत नाही आणि शेवटचे दोन प्रश्न राहून जातात.

पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणं हे त्याच कामाचं दुसरं अंग. स्टुडिओ लागत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बस, आवाज घुमत नाही. पंखा बंद, फोन विमान मोडवर, तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला, म्हणजे 'प', 'फ' म्हणताना फटकारा बसत नाही. वाचताना चुकलं तर थांब, एक टाळी वाजव आणि ते वाक्य पहिल्यापासून वाच. नंतर कापाकापी करताना पडद्यावरच्या आवाजाच्या आलेखात टाळीची उंच रेघ लगेच दिसते. पान बदललं की पानाचा क्रमांक वाच, आकृती आली तर तिच्यात काय आहे ते सांग. 'आकृती पाहा' एवढंच वाचून पुढे जाणं ही सगळ्यांकडून होणारी चूक आहे.

घराबाहेर पडणं शक्य नसेल तर मराठी विकिस्रोत हे इंटरनेटवरचं ग्रंथालय बघ. तिथे जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं मूळ प्रतीशी ताडून दुरुस्त करतात. न तपासलेलं पान लाल दिसतं, एकाने तपासलं की पिवळं होतं, आणि दुसऱ्या कुणीतरी पुन्हा तपासल्यावरच हिरवं. म्हणजे तुझ्या पानाची वाट पाहणारा कुणीतरी तिथेही असतो.

संस्थेला पहिला निरोप पाठवशील तो छोटा ठेव. 'मला समाजसेवेची आवड आहे' या वाक्यावरून समोरच्याला काहीच ठरवता येत नाही. असं लिही: 'मी नववीत आहे. दर शनिवारी दहा ते बारा या वेळेत, पुढचे सहा महिने येणं जमेल. वाचणं, लिहिणं, पुस्तकं लावणं ही कामं येतात. घरच्यांची संमती आहे, त्यांचा फोन क्रमांक खाली देत आहे.' आठवडाभर उत्तर आलं नाही तर फोन कर किंवा पालकांना घेऊन थेट जा. लहान संस्थेत पत्रांना उत्तर द्यायलाही माणूस नसतो, त्याचा अर्थ नकार असा नाही.

भेटल्यावर विचार की काम कोण दाखवणार, अडलं तर कुणाला सांगायचं, आणि त्या वेळी आजूबाजूला कोण मोठं माणूस असेल. बंद खोलीत कुणाबरोबर एकट्याने काम करायचं नाही. औषधं देणं, आजारी माणसाला उचलणं, पैशांचे व्यवहार या गोष्टींना स्पष्ट नाही म्हण. काम देण्यासाठी कुणी तुझ्याकडूनच पैसे मागत असेल तर तिथून निघ. अनाथ मुलांच्या संस्थेत दोन-चार भेटींपुरतं जाणं टाळ. मुलं जीव लावतात, माणसं येतात आणि जातात, आणि त्याचा त्रास मुलांच्या वाट्याला येतो. त्यांचे फोटो तर काढूच नकोस.

पहिल्या दोन खेपांना आपण निरुपयोगी आहोत असं वाटेल. कपाट आवरायला सांगतील, तेही मन लावून कर, कारण कोणती वस्तू कुठे असते हे तेव्हाच कळतं. चौथ्या खेपेनंतरही नुसतं बसूनच राहावं लागत असेल, तर जबाबदार व्यक्तीला तसं सांग आणि एखादं नेमकं काम माग. तरीही मिळालं नाही तर आभार मानून दुसरीकडे जा.

परीक्षेच्या तारखा कळल्या त्याच दिवशी तिथे कळव. एक वही ठेव, तारीख, किती तास, काय केलं आणि पुढच्या खेपेला काय करायचं, एवढंच त्यात लिही. काम सोडायचं ठरलं तर तीन आठवडे आधी सांग. शक्य असेल तर वर्गातल्या कुणाला तरी शेवटच्या दोन खेपांना बरोबर ने, काम दाखव आणि वही त्याच्या हातात दे.

तुझी शनिवारची वेळ ठरली की कळव.