दादरच्या दुकानाच्या सर्व्हरवर ओपनएसएसएलचं (एनक्रिप्शन करणारी लायब्ररी) सुरक्षा अपडेट टाकलं. आता एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रीस्टार्ट करावा लागेल की रीलोड (बंद न करता सेटिंग पुन्हा वाचायला लावणं) पुरेल?
रीस्टार्टच करा, नुसतं रीलोड पुरत नाही. अपडेटने डिस्कवरची फाइल बदलते, पण चालू प्रोसेसने सुरुवातीला मेमरीत घेतलेली जुनी, भोक असलेली लायब्ररी तशीच राहते. रीलोडमध्ये नवे वर्कर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रोसेस, त्याच जुन्या मास्टर प्रोसेसमधून निघतात, मग त्यांच्याकडेही जुनीच प्रत येते. अंधेरीत लिनक्स सर्व्हर सांभाळणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हे नेहमी बघतो. खात्री हवी तर रूट (अॅडमिन) म्हणून एलएसओएफ ही उघड्या फाइलींची यादी देणारी कमांड चालवा: लिबएसएसएलच्या (ओपनएसएसएलची फाइल) ओळीत ‘डीईएल’ दिसलं की ती प्रोसेस अजून जुन्याच फाइलवर आहे. पोस्टफिक्स (मेल), पोस्टग्रेसही (डेटाबेस) तपासा, त्या हमखास विसरल्या जातात. रात्री शटर पडल्यावर उरका, काही सेकंदांचं काम आहे. ओपनएसएसएलच्या आवृत्तीचा आकडा जुना दिसला तर घाबरू नका; उबुंटू, डेबियनवाले बहुतेकदा दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत बसवतात. मात्र भोक ओपनएसएसएलमधल्या २०१४ च्या हार्टब्लीडसारखं, म्हणजे मेमरीतली खासगी की (सर्टिफिकेटची गुप्त किल्ली) बाहेर जाऊ शकेल असं असेल, तर रीस्टार्टने भागत नाही: नवी की, नवं सर्टिफिकेट, आणि जुनं रद्द करून घ्यायचं.