गच्चीवरच्या शेगडीचा गंज

प्रश्न : गंगापूर रोडला आमच्या गच्चीवर ड्रम मधोमध चिरून केलेली लोखंडी बार्बेक्यू शेगडी आहे. थंडीत कणसं, पनीर, चिकन सगळं तिच्यावरच होतं. पावसाळाभर ताडपत्रीत घट्ट बांधून ठेवली होती. दसऱ्याला सोडून पाहिली तर आतून पापुद्रे सुटलेत, जाळी तांबूस झालीय. शेजारचे काका म्हणतात, बाथरूमचं ॲसिड ओता आणि वरून ऑइल पेंट मारा. तसं करू का?
– एक वाचिका, नाशिक

उत्तर : ताई, दोन्ही करू नका. शेजारच्या काकांना माझा नमस्कार सांगा.

आधी एक विचारतो. बांधण्यापूर्वी राख काढली होती का? बहुतेक नाही. कोळशाच्या राखेत क्षार असतात आणि ते ओल धरून ठेवतात. वर घट्ट ताडपत्री, म्हणजे आतली वाफ आतच. माझी उमर अंबडला फॅब्रिकेशनमध्ये गेली. उघड्यावर पडलेल्या शेगड्यांपेक्षा अशा गुंडाळलेल्याच जास्त सडलेल्या पाहिल्यात.

आता स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकून बघा, टोकानेही टोचून बघा. खणखणीत वाजला तर पत्रा शाबूत. बद्द वाजला किंवा टोक आरपार गेलं, तर भंगारवाल्याला हाक मारा, त्यावर मेहनत नको.

शाबूत असेल तर पापुद्रे खरवडणीने काढा, मग तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर. ग्राइंडरला तारेचा कप लावणार असाल तर चष्मा हवाच. त्या तारा उडतात. जाळी प्लॅस्टिकच्या टबात पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा. चिंचेच्या कोळानेही गंज सुटतो, फक्त वेळ जास्त लागतो. सकाळी घासा, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच विस्तवावर कोरडी करा. ओली ठेवलीत तर दुपारपर्यंत परत तांबूस. बाथरूमच्या ॲसिडचं हेच होतं: गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं, वाफा नाकात जातात आणि नीट धुतलं गेलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गंज. जाळी क्रोमची असून मुलामा सुटत असेल तर सरळ नवी घ्या. गॅल्व्हनाइज्ड मात्र घेऊ नका. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, पेटलेला कोळसा त्याच्या कितीतरी वर जातो आणि जस्ताचा धूर छातीला वाईट.

आतल्या बाजूला रंग नाहीच, तिथे तेल. बिडाचा तवा तयार करतो तसंच. शेंगदाण्याचं किंवा खायचं जवसाचं तेल फडक्याने इतकं पातळ पुसायचं, की पुसून काढल्यासारखं वाटावं. मग धूर यायचा थांबेपर्यंत तापवायचं. असं तीन-चारदा केलं की काळा, कडक थर बसतो. हात सैल सोडलात तर चिकट गोंद होईल. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवस तेल इथे चालणार नाही. त्यात सुकवणारी रसायनं असतात.

बाहेरून उष्णतारोधक ॲल्युमिनियम पेंट मारा, ६०० अंशांचा मिळतो. पहिला जाळ रिकामाच करा. साधा ऑइल पेंट फुगतो, जळतो आणि कणसाला त्याचा वास लागतो. पाणी निथळायला तळाला भोक नसेल तर ड्रिलने आठ मिलिमीटरचं पाडून घ्या.

पुढच्या वर्षी मृगाच्या आधी राख झाडून तेलाचा हात फिरवा. जाळी घरात घ्या, शेगडी विटांवर ठेवा आणि ताडपत्री खालून वीतभर मोकळी सोडा. आणि हो, तारेच्या ब्रशने घासलेली जाळी पेटवण्याआधी ओल्या फडक्याने पुसा. तुटलेली तार कणसाबरोबर पोटात गेली तर थेट ऑपरेशन टेबल गाठावं लागू शकतं.