वाचकांचे प्रश्न : राणीबागेतला वाघ आणि मुलीला काय सांगायचं

प्रश्न : आम्ही ऐरोलीला राहतो. मुलगी दुसरीत आहे, तिचा हट्ट म्हणून मागच्या महिन्यात सगळे राणीबागेत गेलो. पेंग्विन बघून ती खूप नाचली पण वाघापाशी आल्यावर एकदम गप्प झाली, लोक काचेवर हात आपटत होते, शिट्ट्या मारत होते, आणि ती मला विचारते, आई हा घरी कधी जाणार? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आता तिला परत जायचंय आणि माझा पाय निघत नाही. प्राण्यांना कोंडून ठेवलेलं बघायला पैसे देऊन जायचं हे बरोबर आहे का? आणि तिला काय उत्तर देऊ?
– एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, आधी मुलीचं बोलू. तिला खरं सांगा. "तो इथं मजेत आहे गं, आयतं मटण मिळतं त्याला" असं अजिबात नको, मुलांना कळतं आपण काय लपवतोय ते. 2020 मध्ये राणीबागेत वाघाची जोडी आली ती जंगलातून नाही, औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातल्या प्राणिसंग्रहालयातून, म्हणजे तीही प्राणिसंग्रहालयातच जन्मलेली. अशा वाघाला जायला घरच नाहीये. पिल्लू दीड-दोन वर्षं आईच्या मागे फिरून शिकार शिकतं, ते ज्याला मिळालंच नाही आणि ज्याला माणसाची भीतीही उरली नाही त्याला जंगलात सोडलं तर एकतर तो उपाशी मरेल नाहीतर गावात शिरेल आणि मग काय होतं ते आपल्याला माहितीये. तो परत जाऊ शकत नाही, आणि ही गोष्ट वाईट आहे, दोन्ही सांगा. सात-आठ वर्षांच्या मुलीला हे पेलतं.

आता बरोबर की चूक. मला स्वतःला सरसकट "प्राणिसंग्रहालयं बंद करा" हे पटत नाही आणि त्याचं कारण गिधाडं. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि देशभरातली गिधाडं बघता बघता संपत आली, 2006 मध्ये ते औषध गुरांसाठी बंद झालं पण तोवर फार उशीर झाला होता, मग हरियाणात पिंजोरला गिधाडं बंदिस्त ठेवून त्यांची पिल्लं वाढवायला लागली. अरबी ऑरिक्स (वाळवंटातलं लांब शिंगांचं, हरणासारखं जनावर) 1972 च्या सुमारास जंगलातून पूर्ण संपला होता, बंदिवासात वाढवलेले ओमानच्या वाळवंटात 1982 मध्ये सोडले. अशा कामासाठी पिंजरा असेल तर मी त्याच्या बाजूने आहे. पण 2016 मध्ये सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले आणि एसीत ठेवले, चिली-पेरूच्या किनाऱ्यावरचा पक्षी भायखळ्यात, त्यातला एक काही महिन्यांतच मेला, तर ते कशासाठी होतं? गर्दीसाठी. मुलीला आवडले यात तिचा काही दोष नाही, पण मला ते पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. हत्तींच्या बाबतीत तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानेच 2009 मध्ये सांगितलं की त्यांना प्राणिसंग्रहालयात ठेवू नका, एवढ्या मोठ्या फिरणाऱ्या जनावराला तिथली जागा पुरत नाही.

परत गेलात तर (जा, बुधवार सोडून, आणि सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत) सगळे प्राणी बघायची घाई करू नका. एकाच ठिकाणी बराच वेळ थांबा आणि तो प्राणी काय करतोय ते मुलीला बघू द्या. झोपलाय, अंग चाटतोय, पाण्यात बसलाय, काहीतरी हुंगतोय, हे ठीक. तीच वाट, तेच वळण, तासन्‌तास येरझाऱ्या, किंवा नुसतं डोकं हलवत राहणं, हे बंदिवासाच्या ताणाचं लक्षण असतं, लोकांना वाटतं वाघ रुबाबात फिरतोय. आणि प्राणी दिसलाच नाही तर "पैसे वाया गेले" म्हणू नका, त्याला आपल्यापासून लपायला जागा दिलीये म्हणजे कोणीतरी विचार केलाय.

काचेवर हात आपटणाऱ्यांचं म्हणाल तर तो गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 38-जे मध्ये प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला चिडवणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं, सगळं येतं. सुरक्षारक्षकाला बोलवा आणि मुलीसमोर बोलवा. भांडखोर म्हणतील, म्हणू देत.

अजून एक, तुम्ही ऐरोलीकर आहात हो! ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य तुमच्या दारात आहे, 2015 पासून अभयारण्य आणि 2022 पासून रामसर स्थळ (म्हणजे जगाच्या दृष्टीने महत्त्वाची पाणथळ जागा), आणि तुम्ही वाघ बघायला ट्रान्स-हार्बरने ठाणे आणि तिथून स्लो लोकलने भायखळा करताय. राणीबाग बंद करा असं म्हणत नाही, पण तिला असा प्राणीसुद्धा दाखवा जो स्वतःच्या मर्जीने येतो आणि जातो. साधारण नोव्हेंबर ते मे हे पक्षी असतात, ओहोटीला चिखलात चोच उलटी घालून शेवाळ गाळून खातात (गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो), पावसाआधी बरेचसे कच्छकडे निघून जातात. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोट सुटते पण भरती-ओहोटी बघून, रोज वेळ बदलते, त्यामुळे आधी चौकशी करून मगच मुलीला सांगा, आणि दुर्बीण कोणाकडून तरी मागून घ्या, नुसत्या डोळ्यांनी लांबचे थवे नीट दिसत नाहीत.