शहामृगाची पिसं: उपटणं आणि कापणं यातला फरक

पिसांसाठी शहामृग मारावं लागे का आणि इतका तेजीतला धंदा 1914 मध्ये एकदम का बसला, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

रानटी पक्ष्यांची शिकार पिसांसाठीच होई. पण दक्षिण आफ्रिकेतल्या केप कॉलनी या ब्रिटिश वसाहतीत 1860 च्या दशकात पाळलेल्या शहामृगांची शेती सुरू झाली आणि पीस हे पुन्हा पुन्हा निघणारं पीक झालं. 1865 च्या गणनेत वसाहतीत पाळीव पक्षी जेमतेम 80 होते, दहा वर्षांत ते हजारोंच्या घरात गेले.

सगळी मेख कापणीत आहे. वाढत्या पिसाच्या नळीत खाली रक्त असतं. ते उपटलं तर पक्ष्याला वेदना होतात, मूळ दुखावतं आणि पुढचं पीस वाकडं किंवा खुरटं येतं. म्हणून साधारण सहा महिन्यांची वाढ झाली, की पीस नळीच्या सुकलेल्या भागात, रक्ताच्या वर कापायचं. खाली उरलेलं खुंट दोनेक महिन्यांत पिकून सुटं होतं, मग ते ओढून काढायचं. त्या जागी नवं पीस फुटतं. हे चक्र आठ महिन्यांचं, म्हणजे दोन वर्षांत तीन कापण्या. कापताना पक्ष्याच्या डोक्यावर मोज्यासारखी टोपी चढवून त्याला त्रिकोणी खोड्यात उभं करतात. डोळे झाकले की तो शांत होतो. माणसानं मात्र समोर थांबायचं नाही, कारण शहामृग लाथ पुढे मारतं.

खरा कस चाऱ्याचा. वाढीच्या काळात खाणं कमी पडलं, की पिसावर आडवी फिकट रेघ उमटते आणि पीस तिथेच तुटतं. दक्षिण आफ्रिकेतल्या ग्रॅहम्सटाउनचे प्राणिशास्त्रज्ञ ड्युअर्डन यांनी याचा बारकाईनं अभ्यास केला. रात्री रक्तदाब उतरतो तेव्हा पिसाचं पोषण घटतं आणि आधीच अशक्त पक्ष्यात रेघ पडते, असं त्यांचं म्हणणं. तिथल्याच औटसहूर्न या शहामृगपालनाच्या मुख्य भागाची भरभराट झाली त्यात पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या लसूणघासाचा वाटा फार मोठा (आपल्याकडे दुभत्या जनावरांना घालतात तोच), आणि तारेच्या कुंपणाचाही.

अंड्यांचंही तसंच. घरट्यातली अंडी उचलत राहिलं की मादी आणखी घालते, पण मग उबवणार कोण? केप कॉलनीतले शहामृगपालक आर्थर डग्लस यांनी 1869 च्या सुमारास उबवणी यंत्र चालवून दाखवलं. 42 दिवस ऊब सांभाळणं आणि अंडी फिरवत राहणं, इथे ढिलाई झाली की पिल्लू आतच मरे.

आता दुसरा प्रश्न. 1913 मध्ये पिसांची निर्यात जवळजवळ 30 लाख पौंडांची होती. सोनं, हिरे आणि लोकर यांच्यानंतर चौथा नंबर. त्याआधी 1911 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं थॉर्नटन या कृषितज्ज्ञाला थेट नायजेरियातल्या कानोकडे धाडलं होतं. दुहेरी भरगच्च पिसांचे, उत्तर आफ्रिकेकडच्या बार्बरी जातीचे शहामृग आणायला. शंभरावर पक्षी आलेही, पण संकराचं फळ हाती येण्याआधी बाजार कोसळला. पहिल्या महायुद्धाचा दोष आहेच. पण माल आधीच गरजेपेक्षा जास्त झाला होता, ही पिसं ज्यांवर लावत त्या बायकांच्या टोप्या लहान होत चालल्या होत्या आणि उघड्या मोटारीत मोठी पिसांची टोपी टिकत नसे. पक्षिप्रेमींच्या चळवळीला मुख्य कारण मानणं मला पटत नाही: तिचा रोख बगळ्यांसारख्या मारल्या जाणाऱ्या पक्ष्यांच्या पिसांवर होता, आणि ब्रिटनच्या 1921 च्या पिसे आयातबंदी कायद्यातून शहामृग वगळलेलं होतं.