‘तो बरोबरच होता,’ असं मुलगा म्हणतो तेव्हा

प्रश्न: माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यात आम्ही तिघांनी मिळून ‘ब्लॅक पँथर’ हा सुपरहिरोचा सिनेमा पाहिला. सिनेमा संपल्यावर तो म्हणाला, “खरं तर किलमाँगरच बरोबर होता.” त्याचे बाबा चिडले. “एवढी माणसं मारली त्याने, आणि तू त्याची बाजू घेतोस?” मुलगा उठून खोलीत गेला. तेव्हापासून तो हेडफोन लावून एकटाच बघत बसतो. मला त्याच्याशी बोलायचं आहे, पण तो इंग्रजीत भराभर मुद्दे मांडतो आणि माझे शब्द संपतात. हे सिनेमे मुलांना वाईट माणसांच्या प्रेमात पाडतात का?

उत्तर: आधी हे सांगते की तुमच्या मुलाने सिनेमा लक्ष देऊन पाहिला आहे. तुम्हीही तो पुन्हा एकदा पाहा, या वेळी फक्त किलमाँगरच्या, म्हणजे त्यातल्या खलनायकाच्या बाजूने.

त्याच्या वडिलांना ओकलंडच्या एका घरात त्यांच्या सख्ख्या भावाने, म्हणजे वकांडा या आफ्रिकेतल्या काल्पनिक देशाच्या राजाने मारलं. ही गोष्ट १९९२ सालची. राजाने पोराला तिथेच सोडलं आणि तो निघून गेला. वकांडा त्या मुलाला ठाऊक होतं ते वडिलांनी सांगितलेल्या गोष्टींमधून. तिथला सूर्यास्त जगात सगळ्यात सुंदर, एवढं त्याच्या मनावर कोरलेलं. मोठेपणी तो तिथे पोहोचतो तेव्हा रक्ताने राजघराण्यातला असूनही सगळ्यांच्या लेखी परका. मधे एक प्रसंग आहे. समाधीत त्याला वडील भेटतात, पण भेट होते ती त्याच जुन्या, छोट्याशा घरात. वडील सांगतात की वकांडातले लोक तुला हरवलेला म्हणतील. हे सांगताना त्यांचा आवाज जड होतो, आणि त्यांच्यासमोर मोठ्या किलमाँगरच्या जागी मधूनच लहानगा एरिक, म्हणजे लहानपणीचा तोच, दिसतो.

आता हा प्रसंग परदेशात वाढणारं अकरा वर्षांचं मराठी पोर बघतं आहे, असं मनात आणा. आईवडिलांचा देश त्यालाही गोष्टींमधूनच माहीत. तिथे गेल्यावर त्याचे उच्चार ऐकून भावंडं हसतात, आणि राहतो तिथे नाव सांगितलं की दोनदा विचारतात. तुमच्या घरात असंच असेल असं मी म्हणत नाही. पण “किलमाँगर बरोबर होता” या वाक्यात खुनाचं कौतुक असेलच असंही नाही. “त्याला कसं वाटलं असेल ते मला कळतं,” एवढंच त्याला म्हणायचं असू शकतं. बाबांनी उत्तर दिलं ते मुलाने न विचारलेल्या प्रश्नाला.

शब्द संपतात म्हणता, तर इथे मराठीच कामाला येईल. आपल्याकडे तीन साधी क्रियापदं आहेत: कळणं, पटणं आणि चालणं. किलमाँगरचं दुःख कळतं. जगभर काळी माणसं चिरडली जात असताना वकांडा लपून बसलं, हा त्याचा आरोप पटतोही. पण त्याने केलं ते चालणार नाही. आपल्यासोबतच्या मुलीला तो क्षणात गोळी घालतो, पुढच्या कुणाला राजा होता येऊ नये म्हणून वकांडाच्या राजाला शक्ती देणाऱ्या वनौषधींची बाग जाळायला लावतो. मुलाला हे तीन शब्द द्या आणि प्रत्येक पात्राला लावून बघायला सांगा. इंग्रजीत बोलला तरी हरकत नाही, हे तीन शब्द मात्र मराठीत राहू द्या. कर्णाबद्दल आपण पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलो. त्याच्यावर झालेला अन्याय कळतो, मनाला लागतो, आणि तरी भर सभेत द्रौपदीला तो जे बोलला ते चालत नाही.

तुमच्या मुलाच्या बाजूने आणखी एक सांगायला हवं. हे सिनेमे बनवणारे पुष्कळदा लबाडी करतात. खलनायकाच्या तोंडी खरा, बोचणारा प्रश्न घालतात, आणि प्रेक्षक त्याच्याकडे झुकतोय असं दिसताच त्याच्याकडून एखादं भयंकर कृत्य करवून घेतात. मग प्रश्नाचं उत्तर द्यायला नको, खलनायकाला हरवलं की झालं. २०२१ सालच्या ‘द फाल्कन अँड द विंटर सोल्जर’ या मालिकेत कार्ली नावाच्या मुलीचं नेमकं असंच केलं. ती बेघर झालेल्या लोकांसाठी लढते, त्यांना औषधं पोहोचवते, आणि मग माणसं आत असताना एक इमारत उडवून देते. ‘ब्लॅक पँथर’मध्येही ही युक्ती आहे, पण तो सिनेमा तिथे थांबत नाही. नायक टचाला, म्हणजे त्या राजाचा मुलगा, समाधीत आपल्या मृत वडिलांना तोंडावर सांगतो की तुम्ही चुकलात. किलमाँगर मेल्यावरही त्याचा आरोप तो विसरत नाही. शेवटी तो ओकलंडच्या त्याच इमारतीपाशी येऊन उभा राहतो, आणि मदतीचं पहिलं केंद्र तिथे उघडणार असल्याचं बहिणीला सांगतो. खलनायकाचं म्हणणं नायकाला पटलं, असं मोकळेपणी दाखवणारे सिनेमे थोडे आहेत. म्हणून मला तो फार आवडतो.

मुलासोबत बघताना माझी एकच कसोटी असते. ज्याचं वाईट झालं, त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा किती वेळ थांबतो? ‘वांडाव्हिजन’ या मालिकेत नायिका वांडा आपल्या दुःखापायी अख्ख्या गावाची मनं ताब्यात घेते. शेवटी भानावर आलेली माणसं तिच्याभोवती जमतात. एक बाई आपल्या लहान मुलीसाठी गयावया करते. पण थोड्याच वेळात सगळं वांडाच्या त्यागावर येऊन संपतं. तिने काय सोडलं ते या लोकांना कधीच कळणार नाही, असं तिला सांगितलं जातं. वांडाचं दुःख फार सुंदर दाखवलंय, मला रडू आलं होतं, आणि तरीही त्या बाईकडे पाठ फिरवलेली मला आजही खुपते.

आता ‘द फाल्कन अँड द विंटर सोल्जर’मधलाच बकी बघा. ‘विंटर सोल्जर’ नावाचा मारेकरी असताना, स्वतःच्या मनावर ताबा नसताना, त्याने अनेक खून केले. त्यात नाकाजिमा नावाच्या म्हाताऱ्याचा निरपराध मुलगाही गेला. बकी त्या म्हाताऱ्याशी मैत्री करतो, त्याच्याबरोबर जेवतो, पण खरं सांगायला त्याची जीभ रेटत नाही. शेवटी एका संध्याकाळी तो दारात उभा राहतो आणि सांगतो की तुमच्या मुलाला मी मारलं. म्हातारा विचारतो, का? माझ्या हातात नव्हतं, असं बकी म्हणतो. कुणी कुणाला मिठी मारत नाही, माफीही मिळत नाही. ‘प्रायश्चित्त’ हा शब्द मुलाला समजावायचा असेल तर हा प्रसंग त्याच्यासोबत बघा. माफी मागणाऱ्याला हलकं वाटणं, एवढ्यावर प्रायश्चित्त संपत नाही.

हे सिनेमे मुलांना बिघडवतात का, या प्रश्नावर थोडी जुनी गोष्ट. १९५४ साली अमेरिकेतल्या कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःवर नियम घालून घेतले. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असं काही छापायचं नाही, आणि शेवटी चांगल्याचाच विजय. १९६३ साली आलेला मॅग्नेटो, ‘एक्स-मेन’ कॉमिक्समधला खलनायक, त्यामुळे सरळसोट दुष्ट होता. नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीतून वाचलेला पोर, ही त्याची ओळख १९८०च्या दशकात ख्रिस क्लेअरमाँट या लेखकाने घडवली. तेवढ्याने मॅग्नेटो चांगला झाला नाही, पण माणूस झाला. माणूस असलेल्या खलनायकाबद्दल मुलांना विचार करावा लागतो, आणि तो त्यांना करू द्यावा असं माझं ठाम मत आहे.

मात्र सुपरहिरो म्हणजे मुलांचंच, असं धरून चालू नका. ‘द बॉइज’ मोठ्यांसाठी आहे. ‘इन्व्हिन्सिबल’ ॲनिमेशन असलं तरी त्यातला रक्तपात अकरा वर्षांच्या मुलाला झेपणारा नाही. ‘जोकर’ही आत्ता नको. हेडफोन लावून तो काय बघतोय, तेवढं नक्की पाहा. रागावून हेडफोन काढून घेऊ नका, शेजारी जाऊन बसा.

पुढच्या वेळी एकत्र बघायला ‘स्पायडर-मॅन: इंटू द स्पायडर-व्हर्स’ निवडा. त्यात नायक माइल्सचा लाडका काका, ॲरन, गुन्हेगारांसाठी काम करतो. तो स्पायडर-मॅनला मारायला जातो, तेव्हा पुतण्या स्वतःच मुखवटा काढतो, समोर माइल्स दिसतो आणि काकाचा हात तिथेच थांबतो. तिथे सिनेमा क्षणभर थांबवा आणि बाबांनी विचारावं, “तुला काय वाटतं, आत्ता काकाच्या मनात काय चाललंय?” विचारायचं बाबांनीच. त्या दिवशी मुलगा उठून गेला तो त्यांच्या बोलण्यावरून. तो काहीही म्हणाला तरी पहिली दोन मिनिटं दोघांनीही फक्त ऐका.