‘माझा विश्वास कमी पडतो आहे का?’

ऐरोलीहून एका भगिनीने लिहिले आहे: ‘चौदा महिन्यांपूर्वी माझ्या पतीला पक्षाघाताचा झटका आला. त्यांची उजवी बाजू अजून लुळी आहे. त्यांची कूस बदलण्यासाठी रात्री मला दोन-तीनदा उठावे लागते, सकाळी तुर्भ्याला नोकरीवर जावे लागते आणि मुलगा बारावीत आहे. मंडळीतले सगळे म्हणतात, प्रभूवर भरवसा ठेवा, शांती मिळेल. पण प्रार्थनेला बसले की शब्द येत नाहीत, देवाचा राग येतो. रडू येते तेही फक्त लोकलमध्ये. माझा विश्वास कमी पडतो आहे का?’

प्रिय भगिनी,

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देते: नाही. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा उरलेली नाही, त्याच्यावर कोणी इतके रागावत नाही.

भरवसा म्हणजे तक्रार न करणे, ही समजूत आपल्या मंडळ्यांमध्ये कशी रुजली कोण जाणे, कारण पवित्र शास्त्रात तिला आधार सापडत नाही. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाची आहेत. तेरावे स्तोत्र परमेश्वराला ‘कुठवर’ असे चार वेळा विचारते आणि अठ्ठ्याऐंशीवे तर अंधाराचे नाव घेऊनच थांबते, त्याच्या शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही. वधस्तंभावर प्रभू येशूने उच्चारलेले ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे शब्दही बाविसाव्या स्तोत्रातलेच आहेत. मात्र हा सगळा आक्रोश देवाकडे पाठ फिरवून नव्हे, त्याच्याच दारात बसून केलेला आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे ख्रिस्ती भरवसा तो हाच.

काय मागावे हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतःच शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनवणी करतो, असे प्रेषित पौलाने रोमकरांस पत्रात लिहिले आहे. तेव्हा लोकलमधले तुमचे रडणे ही प्रार्थनाच समजा. अगदीच शब्द हवे असतील तर तेरावे स्तोत्र वाचा. ते इतके लहान आहे की रबाळे येण्याआधी संपेल.

आता शांतीविषयी. सर्व बुद्धिसामर्थ्यापलीकडल्या शांतीबद्दल पौलाने फिलिप्पैकरांस लिहिले ते बंदिवासातून, म्हणजे बेड्या हातात असतानाच. पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली वारली. रमाबाईंनी त्यानंतरही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. या दोघांनाही शांती मिळाली असेल तर ती संकट टळल्यामुळे नक्कीच नव्हे. तुमच्या पतीचा हात पूर्ववत होईल असे मी देवाच्या वतीने सांगू शकत नाही, आणि जे सांगतात त्यांच्याशी वाद घालू नका, पण त्यांच्या शब्दावर दिवस मोजत बसू नका. फिजिओथेरपी मात्र चालू ठेवा.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत अधिक टोचलेली गोष्ट विश्वासाची नाही, झोपेची आहे. एलीया संदेष्टा थकून रतामाच्या झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला, तेव्हा परमेश्वराने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, दूताकरवी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खाऊ घातले; बोलणे त्यानंतर, होरेब डोंगरावर झाले. चौदा महिने सलग झोप नसलेल्या माणसाला सारे आकाश मिटलेले वाटते, त्यात विश्वासाचा दोष नसतो. तरीही भूक मंदावली असेल किंवा जगणेच नको असे वाटत असेल, तर संकोच न करता याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

आणि येत्या रविवारी उपासनेनंतर कोणी ‘आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतो’ असे म्हणाले, तर आभार मानून लगेच विचारा: ‘शनिवारी दुपारी दोन तास त्यांच्याजवळ बसायला याल का?’ पाळकसाहेबांनाही हेच स्पष्ट सांगा. हे मागायला तुम्हाला जड जाईल, माझ्या सासूबाईंच्या आजारपणात मलाही गेले होते आणि मी उगाचच एक वर्ष घालवले. कोणी आले की त्यांना औषधांची वेळ आणि कूस बदलण्याची पद्धत एकदा दाखवा, मुलालाही शिकवा, आणि आतल्या खोलीचे दार लावून झोपा.